पंधरा मिनिटांत कळलेला ताप

"टायफॉइड नाही. फाल्सिपेरम मलेरिया आहे," असं म्हणून डॉक्टरांनी पुठ्ठ्याची एक पट्टी माझ्यापुढे धरली. तिच्यावर दोन लाल रेघा उठल्या होत्या. माझ्या यजमानांच्या बोटातून रक्ताचा थेंब घेऊन पंधरा मिनिटं झाली असतील. आठ दिवस आम्ही टायफॉइडची औषधं देत होतो.

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. हे ओरिसात गलाईच्या दुकानात असत. जुनं सोनं वितळवून शुद्ध करायचं काम. गणपतीला घरी विट्याला आले ते थंडीतापानं कुडकुडतच. दवाखान्यात विडाल नावाची रक्ततपासणी झाली. तिच्यावरून टायफॉइडचा अंदाज येतो, पण तो चुकूही शकतो, हे मला नंतर कळलं. आठव्या दिवशी हे मलाच ओळखेनात. जीप करून सांगलीला आणलं.

ही पट्टी तेव्हा तिथंही नवीच होती.

"काचेवर रक्त घेतलंय, पण मायक्रोस्कोपखाली बघणारा माणूस उद्या येईल," डॉक्टर म्हणाले. "तोवर थांबता येणार नाही. हा मलेरिया मेंदूत जातो."

सलाइनमधून क्विनीन सुरू झालं.

बाहेर बाकावर सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, होत्या. मी सगळं सांगितलं.

"मग आपला दत्ता?"

दत्ता म्हणजे माझे धाकटे दीर. त्याच दुकानात होते. दोन वर्षांपूर्वी असाच ताप येऊन तिकडेच गेले. मेंदूज्वर होता, एवढंच आम्हाला कळवलं होतं.

"कोण जाणे, आत्याबाई. त्यांची ही तपासणीच झाली नव्हती."

"पंधरा मिनटांचं काम हुतं व्हय गं?"



तिसऱ्या दिवशी यांनी डोळे उघडून पाणी मागितलं. कान वाजतात म्हणाले. क्विनीननं तसं होतं. मला मात्र त्यांचा आवाज ऐकूनच रडू फुटलं.

तुमच्या घरचं माणूस परमुलखातून ताप घेऊन आलं, तर तो मुलूख कुठला हे डॉक्टरांना आधी सांगा. ओरिसात हा मलेरिया फार असतो, पण हे तिथून आलेत असं विट्याच्या दवाखान्यात आम्ही सांगितलं नव्हतं, आणि आम्हाला कुणी विचारलंही नव्हतं.

पाचव्या दिवशी आमचे विट्याचे डॉक्टर भेटायला आले. खाटेपाशी मान खाली घालून उभे राहिले. "त्या पट्ट्या मीही मागवतो," म्हणाले.

आत्याबाईंनी त्यांना बसायला स्टूल दिलं.

"लवकर मागवा, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "दिवाळीला गलाईवरची समदी पोरं घरला येत्यात."