उजव्या हाताला मेंढरं

सोलापूरजवळच्या सपाट माळावर, दिवसाढवळ्या, बायको-मुलगी-सासरे सोबत असताना हरवलेला माणूस म्हणून सासुरवाडीत माझी ओळख आहे.

ती होण्याआधी मला तिथं ओळखच नव्हती. सासुरवाडी सांगोल्याकडची, धनगराचं घर, दारात मेंढरं. लग्नाला बारा वर्षं झाली, पण सासऱ्यांनी, म्हणजे मामांनी, मला एक काम कधी सांगितलं नाही. पाण्याची कळशी उचलायला गेलो तरी, "पाव्हणं, ऱ्हाऊ द्या, तुमी बसा!" खाटेवर बसून बसून मला पाठदुखी लागली. (लोक याला जावयाचा मान म्हणतात.) माझ्या मनात एकच होतं : या माणसानं एकदा तरी म्हणावं, गडी कामाचा आहे!

मामा डोळे तपासायला आमच्याकडं सोलापुरात भवानी पेठेत आले आणि मला संधी दिसली.

"मामा, रविवारी वनउद्यानात जाऊ. शहराबाहेर आहे. मस्त पायवाटा केल्यात."

"कशाला?"

"चालायला."

"कुनाच्या मागं?"

"कुणाच्या मागं नाही. नुसतं चालायचं."

मामांनी माझ्या कपाळाकडं पाहिलं. ताप असावा असं त्यांना वाटलं असणार. पण जावयाच्या शब्दाला नाही म्हणायची त्यांच्यात पद्धत नाही. "तुमी म्हनताय तर चालू की," म्हणाले.

मी तयारी केली. ट्रेकिंगचे बूट, घडीची काठी, शिट्टी, खिसेच खिसे असलेली पॅन्ट. बायकोनं, सुनंदानं, कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून घेतली. मामांनी डोक्याला पटका गुंडाळला, पायात जुन्या वहाणा घातल्या. झाली त्यांची तयारी!

गेटजवळ गाडी लावली आणि मी पहिला हुकूम सोडला. "मोबाइल सगळ्यांनी गाडीत ठेवायचे. निसर्गात आलोय आपण!"

"पप्पा, मग रस्ता कसा कळणार?" मुक्तानं विचारलं. ती दहा वर्षांची आहे आणि तिला नको तिथं प्रश्न पडतात.

"निसर्गच दाखवतो. ते बघ, कुंपणापलीकडं कुणाची तरी मेंढरं चरतायत. आता ती आपल्या डाव्या हाताला आहेत. येताना उजव्या हाताला धरली की सरळ गेट!"

मी हळूच मामांकडं पाहिलं. धनगराच्या जावयाला शोभेल अशी खूण निवडली होती. मामांनी तोंड उघडलं, मिटलं आणि पटक्याचं टोक नीट केलं. कौतुकानं शब्द सुचले नसावेत, असा मी अर्थ काढला.

जाणं छान झालं. लिंबाखाली बसून भाकरी खाल्ली. शेंगाचटणी इतकी चविष्ट होती की दोन बाटल्या पाणी तिथंच संपलं. मग परत निघालो. मी पुढं, मेंढरं उजव्या हाताला, सगळं योजनेप्रमाणे.

अर्ध्या तासानं सुनंदा म्हणाली, "अहो, ही वाकडी बाभळ मघाशी पण होती की."

"बाभळी सगळ्या वाकड्याच असतात."

आणखी अर्ध्या तासानं मुक्ता म्हणाली, "पप्पा, या बाभळीला तोच निळा फडका आहे."

"एकाच कंपनीचे फडके असतात!" (मी टॉवेलच्या कारखान्यात डिस्पॅचला आहे. फडक्यांबद्दल मी अधिकारानं बोलतो.)

"आबा, तुम्ही तरी सांगा," सुनंदा वैतागली.

"पाव्हणं म्हनत्यात म्हंजे आसंल," मामा म्हणाले आणि माझ्यामागून चालत राहिले.

तिसऱ्या फेरीला वनविभागाचा माणूस भेटला. "सायब, तिसऱ्यांदा दिसताय. काय स्पर्धा हाय का?"

देवानं माणूस पाठवला होता. फक्त "गेट कुठं आहे?" एवढं विचारायचं होतं. पण मामा मागं उभे होते.

"व्यायाम!" मी म्हणालो आणि दोन उठाबशा काढून दाखवल्या.

तो गेला. बायकोनं त्यानंतर माझ्याशी बोलणं बंद केलं. ऊन टाळूवर आलं. नव्या बुटांनी टाचा सोलल्या. मुक्ता "पाणी, पाणी" करायला लागली. शेवटी मागं वळून पाहिलं, तर मामा ओठांवरनं जीभ फिरवत होते. सत्तरी ओलांडलेला माणूस माझ्या हट्टापायी उन्हात फिरत होता. मला स्वतःची मनापासून लाज वाटली.

"मामा," मी म्हणालो, "मला रस्ता माहीत नाही. मी चुकलोय."

"मग आसं म्हना की!"

मामा वळले, बाभळीच्या मागची पायवाट धरली आणि पाच मिनिटांत आम्ही गाडीपाशी होतो.

"तुम्हाला माहीत होतं?"

"पयल्या फेरीलाच."

"मग बोलला का नाही?"

"जावयाला चुकला म्हनायचं? आमच्यात न्हाय तसं." मग मात्र त्यांना राहवेना. "पर पाव्हणं, मेंढरं बघून वाट कोन धरतंय? मेंढरू काय मैलाचा दगड हाय व्हय? ती चरत कुंपनाच्या कडंनं फिरत्यात, तुमी बी फिरताय!"

मुक्ता एवढी हसली की तिची तहान गेली. सुनंदा गावी फोन लावायला मोबाइल शोधत होती.

पुढं दिवाळीला सांगोल्याकडं गेलो. खाटेवर बसणार, तोच मामा म्हणाले, "पाव्हणं, आज जरा मेंढरांसंगं माळाला जाता का?"

बारा वर्षांत पहिलं काम! मी उड्या मारत सुनंदाला सांगितलं, "मामांनी शंभर मेंढरं माझ्या भरवशावर सोडली!"

दिवसभर माळावर उभा राहिलो. दिवस कलताच मेंढरं आपणहून घराकडं वळली. मी घाईघाईनं त्यांच्यामागं.

मामा वाघरीच्या, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीच्या, तोंडाशी उभे होते. एकेक मेंढरू आत जाईल तसं मोजत होते. "अठ्ठ्यान्नव... नव्व्यान्नव... शंभर..."

मग त्यांनी माझ्या खांद्यावर अलगद हात ठेवला. "एकशे एक. चला, समदी आली."