माझ्या नावाचा भंडारा

आमचं गाव वरवंडच्या आतल्या अंगाला. ग्रामपंचायतीला इथं मतदान होतच नाही. अर्ज भरायच्या आधी खंडोबाच्या देवळात बैठक बसते. गावचे कारभारी आप्पा. ते नावं ठरवतात, आणि बाकीचे देवापुढचा भंडारा उचलून शब्द देतात, की आम्ही उभे राहणार नाही. झालं गाव बिनविरोध! केवढा तो अभिमान!

मला उभं राहायचं होतं. आमची वस्ती ओढ्यापलीकडं. पाणी आलं की लेकीची शाळा बंद, आणि तोडलेला झेंडू बांधावरच सडतो. एक पूल हवा होता, बास. जावा हसल्या, "आता तू भाषण ठोकणार व्हय!" ठोकणारच होते.

बैठकीला आम्ही बायका देवळाबाहेर. आतून सासऱ्यांचा, आबांचा आवाज आला, "सुनंच्या वतीनं मी उचलतो." मला कुणी विचारलंसुद्धा नाही. असा संताप झाला! घरी आल्यावर आबा खाली मान घालून म्हणाले, "पोरी, आप्पांनी ताट पुढं केलं. न्हाई कसं म्हणू?" मी शब्द मोडला असता आणि पुढं आबांना साधा ताप आला असता, तरी देव कोपला म्हणत गावानं मलाच खाल्लं असतं. अर्ज भरलाच नाही.

बिनविरोध झालो म्हणून गावाला बक्षीस आलं. त्यातून वेशीवर कमान उभी राहिली. उद्घाटनाला झेंडू आमच्याच शेतातला, फुकटात. "पुलाचं बघू की," आप्पा म्हणाले. अजून बघतायत.

यंदा परत निवडणूक आली. मधल्या काळात आबा वारले. मनात आलं, आता तरी मी सुटले. तडक आप्पांकडं गेले. चहा पाजून ते गोड आवाजात म्हणाले, "सूनबाई, आबा असते तर शब्द माघारी घेतला असता. आता कोण घेणार?"

तशीच ओढ्यातनं घरी आले.

लेक आता दौंडला कॉलेजात जाते. सगळं ऐकून ती म्हणाली, "आई, एकवीस पुरी झाली की मी उभी राहणार. माझ्या नावानं कुणाला भंडारा उचलू देऊ नको."

"न्हाई देणार," मी म्हणाले.

तिचे वडील बैठकीला निघाले होते. दारात चपला घालता घालता त्यांनी विचारलं, "हिच्या वतीनंबी आजच उचलून टाकू का? म्हंजी पुढं कटकट न्हाई."