फौजदाराला सांगितलेलं

बाहत्तर साल. मी तेव्हा चौतीस वर्षांचा होतो. म्हणजे आई सांगायची तो हिशेब धरला तर. शाळा दुसरीत सुटली, त्यामुळं माझं लिहिणं बोलण्यासारखंच आहे. सांगायचंय ते आमच्या बायबलबाईंचं.

बायबलबाई म्हणजे घरोघर जाऊन शास्त्र वाचून दाखवणारी बाई. शेवगावच्या बाजूला आमच्यासारख्या लहान गावांतून ख्रिस्ती वस्त्या होत्या, आणि बहुतेक वस्तीला अशी एखादी बाई असायचीच. आमच्या बाई विधवा, काटक, काळ्यासावळ्या. खरं नाव पाळकसाहेबांना माहीत असेल. आम्ही नुसतं बाई म्हणायचो. बाईंची एक खोड होती. ज्याचा राग आला त्याच्याशी त्या बोलायच्या नाहीत. समोर उभं राहून कुत्र्याशी बोलायच्या.

कुत्र्याचं नाव फौजदार. गव्हाळ रंगाचा, एक कान फाटलेला, आणि गावठी असून चालायचा मात्र वर्दी घातल्यासारखा. लेकी बोले सुने लागे म्हणतात. बाईंना लेक नव्हती, फौजदार होता. कुणी प्रार्थनेला उशिरा आला की बाई म्हणायच्या, "फौजदार, काही मान्सं लई मोठी असत्यात बघ. देवाला त्यांची वाट बघावी लागती." तो शेपटी हलवायचा आणि उशिरा आलेला खाली मान घालून बसायचा.

त्या वर्षी पाऊस आलाच नाही. विहिरी आटल्या, जनावरं गेली, आणि सगळं गाव रस्त्याच्या कामावर खडी फोडायला लागलं. रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी मिळायची. तिची भाकरी घशाखाली ढकलावी लागायची. थंडी मात्र दुष्काळ पाळत नव्हती. सकाळी हातोडी धरली की बोटं उघडायची नाहीत. बाईही कामाला यायच्या. दगड फोडता फोडता बेसूर भजनं म्हणायच्या आणि दुपारी आपल्या भाकरीतली अर्धी फौजदारापुढं टाकायच्या. लोकांनी आपापली कुत्री केव्हाच हाकलली होती. मुकादम म्हणाला, "बाई, मान्साला न्हाई आन कुत्र्याला घालता?" बाई म्हणाल्या, "फौजदार, मुकादमाला सांग, मी माझ्यातली देते, त्याच्यातली न्हाई."

नाताळ जवळ आला तसे आम्ही एका रविवारी प्रार्थनेनंतर लिंबाखाली बसलो. आमच्याकडं दरवर्षी बांबूच्या कामट्यांची मोठी चांदणी करायचे. तिला पतंगाचा कागद चिकटवायचा, आत कंदील ठेवायचा आणि लिंबाच्या शेंड्याला टांगायची. पार सडकेवरून दिसायची. टांगायचं काम माझं. त्या लिंबावर एवढं उंच दुसरा कुणी चढत नव्हता, आणि मी कुणाला चढू देतही नव्हतो.

तात्या आमच्या मंडळीतले वडीलधारे. ते म्हणाले, "मग, चांदणीचं काय करायचं यंदा?"

मी म्हणालो, "यंदा चांदणी न्हाई. खळ करायला पीठ लागतं. पोटात न्हाई ते कामट्यांना चोपडायचं व्हय?"

दोघातिघांनी बसल्या बसल्या माना हलवल्या. दमलेल्या माणसाला नको म्हटलेलं बरंच वाटतं. बाई मात्र उठल्या आणि माझ्यासमोर येऊन कुत्र्याला म्हणाल्या, "ऐकलंस का फौजदार? शांतवनाचं पोट भरल्याबिगर देव जन्माला यायचा न्हाई."

सगळे हसले. कित्येक दिवसांनी हसले असतील. पण ते माझ्यावर हसले. मी म्हणालो, "मग बाई, तुमच्या फौजदारालाच चढवा लिंबावर. मी चढणार न्हाई."

तेव्हापासून बाई माझ्याशी सरळ बोलल्या नाहीत. माझ्या पोराला खोकला झाला तर दारात येऊन म्हणाल्या, "फौजदार, शांतवनाला सांग, अडुळशाचा काढा आणलाय. गरम हाय तवर पाज म्हणावं." भांडं उंबऱ्यावर ठेवून गेल्या. बायको मला म्हणाली, "आता तरी बोला की त्यांच्याशी." मी म्हणालो, "त्या कुठं माझ्याशी बोलत्यात?" पोराचा खोकला थांबला. आमचा अबोला नाही.

बाईंनी चांदणी केलीच. जुने कागद पेटीत जपून ठेवले होते, त्यांना ठिगळं लावली. खळीसाठी आपल्या वाटणीची मिलो दळली. दोन वेळा भाकरी थापली नाही, हे मला बायकोकडून कळलं. नाताळच्या आदल्या संध्याकाळी टांगायची म्हणून त्याच्या आधी एक दिवस चांदणी चिकटवून प्रार्थनाघराच्या ओसरीत भिंतीला टेकवून ठेवली. थंडीत खळ लवकर वाळत नाही. टांगणार कोण, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

सकाळी तात्यांची हाक ऐकून आम्ही धावलो. ओसरीत नुसत्या कामट्या उरल्या होत्या. कागदाच्या चिंध्या पांगल्या होत्या आणि कामट्या चाटून चाटून लख्ख झाल्या होत्या. फौजदार कोपऱ्यात बसला होता. नाकाला लाल कागद चिकटलेला. त्याच्या डोळ्यांत अपराध वगैरे काही नव्हतं. खाऊन झालेला जीव जसा बसतो तसा बसला होता.

तात्यांनी काठी उचलली. "हाणा त्याला! देवाची चांदणी खाल्ली सुक्काळीच्यानं!"

बाई मध्ये उभ्या राहिल्या. "हाणायचं तर मला हाणा, तात्या. उपाशी जीव त्यो. त्याच्या नाकापुढं पीठ चोपडून ठेवलं मी. त्यानं काय करावं?" मग त्यांनी खाली वाकून एक चिंधी उचलली, हातात दुमडली आणि माझ्याकडं बघितलं. फौजदाराकडं नाही. माझ्याकडं.

"शांतवना," त्या म्हणाल्या, "तुझं खरं झालं. पीठ पोटातच गेलं."

त्यात टोमणा नव्हता. बाईंचा एवढा दमलेला आवाज मी कधी ऐकला नव्हता. मला वाटलं, ही बाई आता खाली बसेल आणि पुन्हा उठणार नाही. माझंच म्हणणं वर राहिलं होतं, तरी त्यांनी ते असं माझ्या हातात ठेवलेलं मला सोसवेना.

मी कामट्यांचा सांगाडा उचलला, खांद्याला अडकवला आणि लिंबाकडं निघालो.

"आरं, कागदाबिगर?" तात्या म्हणाले.

"कागदाबिगर. यंदा आपण तरी काय, सांगाडंच हाओत की."

बाई मागनं म्हणाल्या, "जपून चढ रं. फांद्या वाळल्यात." हे मला म्हणाल्या, सरळ. मी शेंड्याला सांगाडा बांधला, आणि त्याच संध्याकाळी आत कंदील सोडला. कागद नसल्यामुळं उजेड भगभगीत पडला. सुंदर दिसत होती असं मी म्हणणार नाही. पण सडकेवरून दिसली. कामावरून उशिरा परतणारे लोक थांबून बघत होते.

बाई त्या हिवाळ्यातच गेल्या. खडीची धूळ छातीत बसली होती आणि अंगात काही उरलं नव्हतं. एका दुपारी कामावरून घरी आल्या, ओट्यावर टेकल्या, आणि तिथंच. संध्याकाळच्या आत आम्ही माती दिली. फौजदार कबरीपर्यंत आला आणि आमच्याआधी परत फिरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जायच्या आधी मी फडक्यातली अर्धी भाकरी मोडली आणि बाईंच्या ओट्यावर गेलो. फौजदार बंद दारापुढं बसला होता. मला बाईंचा राग आला होता, म्हणून मी त्याच्याशीच बोललो.

"फौजदार, बाईंना सांग, सांगाडा लिंबावरच हाय. मी काढणार न्हाई. कागद लावायला त्यांनीच यावं."

त्यानं भाकरी खाल्ली, फडकं हुंगलं, आणि माझ्यामागं खडीच्या कामावर आला.