सुनेचा ईमेल आणि माझा नंबर

आमच्या घरात कुठल्याही कागदावर मोबाईल नंबर लिहायचा झाला की माझाच लिहितात. गॅसला माझा, रेशनला माझा, साखर कारखान्याला माझा. शाळा मी चौथीत सोडली, पण घरचा कर्ता मी आहे. सुनेनं घरी बसून एम.ए. करायचं ठरवलं तेव्हा तिच्या फॉर्मवरही मी माझाच नंबर घालायला लावला. मुलगा फौजेत, लांब. त्याच्या माघारी घरचं मलाच बघायचं.

विद्यापीठानं तिला एक ईमेल दिला होता. परीक्षेचा फॉर्म त्या ईमेलवरच येणार, दुसरीकडं कुठं नाही. पण तो आधी चालू करावा लागतो, आणि घरनं चालू करायचा तर फॉर्मवरच्या मोबाईलवर ओटीपी जातो. म्हणजे माझ्या.

मी तेव्हा जतला बहिणीकडं गेलो होतो. दारात बसून शेजाऱ्याची मेंढरं बघत होतो, तोवर घरनं, कोरेगावहून, सुनेचा फोन आला. ती मला मामा म्हणते.

"मामा, तुमच्या फोनवर आत्ता ओटीपी आला असंल. तेवढा वाचून सांगा."

बँकेतल्या साहेबानं मला बजावलं होतं, असले आकडे सख्ख्या पोरालाही सांगायचे नाहीत.

"न्हाई सांगणार. तू सूनच कशावरनं?"

"आवं मामा, आवाज वळखंना व्हय?"

"आवाज कुणीबी काढतंय. सकाळी म्हशीनं दूध किती दिलं, सांग."

"म्हस आटून महिना झाला! तुमालाच इसर पडला व्हय?"

म्हणजे सूनच होती. पण फोन कानाला असताना आकडे बघायचे कसे, हे मला जमेना. फोन बंद करून बघितले, परत लावून सांगितले, तोवर ते शिळे झालेले. दुसरे मागवले, त्यांचंही तेच. शेवटी तो ईमेल घरनं उघडायचाच बंद झाला.

"आता सांगलीला इद्यापीठाच्या केंद्रात जाऊन करावा लागंल," ती म्हणाली. "फॉर्मची मुदत उद्याच संपतीय. ह्या येळंला ऱ्हायलं मामा, तर मी परत न्हाई बसायची."

सून रडणारी नाही. पण हे ती फारच हळू बोलली.

"मीबी येतो," मी म्हणालो. "नंबर माझा हाय, माझ्याबिगर कसा उघडंल?"

मी चुकलो असं मला आजही वाटत नाही. पण दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं मी जतहून सांगलीला गेलो. ती रेल्वेनं आली. विद्यापीठाच्या आवारात कॉम्प्युटरच्या खोलीत एक बाई होत्या. मी फोन हातात धरून त्यांच्यापुढं उभा राहिलो.

"बाबा, फोन ठेवा खिशात," बाई म्हणाल्या. "आवारातून उघडताना ओटीपी लागत नाही."

सुनेनं पासवर्ड घातला आणि ईमेल उघडला. परीक्षेचा फॉर्म त्यात येऊन पडला होता. तो तिनं तिथंच बसून भरला. मी मागं खुर्चीवर बसून राहिलो.

मग बाईंनी विचारलं, "घरून उघडताना ओटीपी याच नंबरवर जाणार. बदलायचा असेल तर आत्ता बदलून देते. नंबर कुणाचा?"

"माझा."

"आणि शिकतंय कोण?"

मी सुनेकडं बघितलं. तिनं मान वर केली नाही. तिनं नंबर बदला म्हणून सांगितलं असतं तर मी अडून बसलो असतो, मला माझा स्वभाव माहीत आहे.

"तिचा घाला," मी म्हणालो.

"ऱ्हाऊ दे की मामा तुमचाच."

"घाला म्हणतोय न्हवं? मी कुठं माळाला गेलो न् रेंज न्हाई घावली, तर पेपर बुडवतीस काय?"

बाई हसल्या. सुनेनं आपला नंबर सांगितला, एकदाच, न चाचरता.

येताना रेल्वेत तिनं मोबाईलवर तो ईमेल दोनदा उघडून बघितला. माझा फोन खिशात गप्प होता. गावात कुणी विचारलं तर मी सांगतो, नंबर मीच बदलायला लावला.