पेटी वाजतेय तोवर

येरमाळ्याच्या हरणाबाईला प्रेक्षकांनी कधी पाहिलं नाही. पाहिलं असतं, तर ती तिची चूक ठरली असती. आमच्या फिरत्या नाटक कंपनीत तिचं काम अंधारातलं. प्रवेश संपला, दिवे गेले, की तिनं महालाचं अरण्य करायचं आणि दिवे यायच्या आत विंगेत पसार व्हायचं. टाळ्या आम्हाला मिळायच्या. मी कधी राणी असायचे, कधी संन्यासीण, एखाद्या रात्री दोन्ही. पण राणीचं सिंहासन उचलणारे हात हरणाबाईचे होते, हे मला आज मोठ्या आवाजात सांगायचं आहे. उरलाय तेवढ्या आवाजात.

दिवे गेले की व्यंकटमास्तर पेटीवर एक ठरलेली धून धरायचे. लोकांनी अंधारात चुळबुळ करू नये म्हणून. ती संपायच्या आत रंगमंच बदललेला हवा. हरणाबाई विंगेच्या तोंडाशी कमरेवर हात ठेवून उभी, आणि तिचा एकच कायदा : "रिकाम्या हातानं आत यायचं न्हाय!" मग राणी असो की भालदार, आत येताना काहीतरी उचलूनच यायचं. मी पिकदाणी आणायचे. लढाईत पडलेला राजा, म्हणजे आमचा गुरुलिंग, उठून आपलाच चौरंग काखेत मारायचा. एकदा कळंबच्या जत्रेत दिवे जरा लवकर आले आणि मेलेला राजा चौरंग घेऊन चाललेला लोकांना दिसला. काय टाळ्या पडल्या! मालक कपाळाला हात लावून बसले. हरणाबाई म्हणाली, "मेलेल्यानं बी काम केलं. जित्यांनी जरा बघा."

तिचा दुसराही एक कायदा होता, तो मात्र ती बोलून दाखवायची नाही. धून थांबली की ती कपड्यांच्या पेटाऱ्यावर बसायची आणि बशीत चहा ओतायची. एखादा लोड तिरका राहिला असला, तरी उठायची नाही. "आता पुढच्या धुनेला."

कंपनी बुडाली. पडदा ओढणारा तिचा नवरा बब्रुवान आणि ती येरमाळ्याला शेताकडं परतले. मी उमरग्याला. तेव्हापासून दरवर्षी नवरात्राच्या तोंडावर ती दोघं मिळून 'दसरा काढायची'. म्हणजे घरातलं सगळं बाहेर : गोधड्या, डबे, भांडी, देवसुद्धा. सगळं धुवायचं, घर सारवून-पुसून घ्यायचं, आणि मग देवापुढं घट बसवायचा. बब्रुवान विहिरीवर गोधड्या अशा आपटायचा, की जणू अजून पडद्याचा दोर ओढतोय. मी एकदा मुद्दाम त्या दिवसांत गेले होते. तो ओला, दमलेला, हसत म्हणाला, "अक्का, हितं टाळ्या वाजवाय कुणी न्हाय, तुमी तरी वाजवा." मी वाजवल्या.

बब्रुवान गेला. पहिलं वर्ष दुखवट्याचं, घट बसला नाही. परवाच्या नवरात्राआधी हरणाबाईच्या थोरल्या जाऊबाईंचा, कस्तुराबाईंचा फोन आला.

"रुद्रम्माअक्का, हरणा उठंनाच. गल्लीतल्या समद्यांच्या गोधड्या वाळून घड्या झाल्या, हिच्या घरात अजून केरसुणी फिरली न्हाय. म्या म्हणलं, औंदा देव माझ्याकडं दे, घट मी बसविते. तर व्हय म्हणली."

ते 'व्हय' मला टोचलं. घरातून गेलेला घट सहजी परत येत नाही. घटापायी तिचा मुलगा मल्हार पुण्याहून येतो, घटापायी गल्लीतल्या बाया उंबरा ओलांडतात. तो गेला, की हरणाबाईला ते घर फक्त झोपण्यापुरतं राहणार. मी सकाळची एसटी धरली, धाराशिवला गाडी बदलली आणि येरमाळ्याच्या फाट्यावर उतरले.

ती बाजेवर बसली होती. बाजेवर ती, न घडी घातलेली लुगडी, दोन ताटल्या, शेंगांची टरफलं. जमिनीवर पाऊल ठेवलं की चिकटत होतं.

"या अक्का. बसा, पण कुठं बसताव?"

मी नटी. मला प्रवेश जोरातच करता येतो. पदर खोचला आणि गरजले, "ऊठ हरणे! आज दसरा काढायचाच!" आणि माळ्यावरच्या गोधड्या ओढायला लागले. तिसरी हाताला लागली ती निळ्या काठाची.

"ती ठिवा." तिचा आवाज एकदम बदलला. "ती ह्यांची हाय."

मी ठेवली.

"दसरा म्हणलं की समदं काढाय लागतं. अर्धा दसरा आसतो का कुठं? रोज सकाळी म्हणते, आज काढते. मग ती गोधडी दिसती. ती धुतली की तिच्यातलं त्यांचं जे काय हाय ते जाणार. मग म्हणते, ऱ्हाऊ दे. मग ताटली बी ऱ्हाती, केर बी ऱ्हातो. देव जाऊबाईंकडं गेल्याले बरे."

चहा करावा म्हटलं तर कप खरकटे. एक कप विसळता विसळता मी सवयीनं काहीतरी गुणगुणायला लागले. व्यंकटमास्तरांची ती धून.

"मास्तर इतकं हळू वाजवत नव्हते," बाजेवरून आवाज आला.

"त्यांची पेटी होती. माझा दमा आहे. मी म्हणते तोवर ऊठ."

"आन् संपल्यावर?"

"बसायचं. तूच बसायचीस ना पेटाऱ्यावर? दसरा-बिसरा काही नाही. एक धून."

तिनं लुगडी बाजूला सारली. मग पाय खाली सोडले. मी गायला लागले. स्वयंपाकघराकडं जाताना तिनं दोन्ही ताटल्या उचलल्या, येताना केरसुणी आणली. धून संपली तेव्हा टरफलं दाराशी गोळा झाली होती, उचलली नव्हती. ती तशीच बाजेवर टेकली.

"बसले."

"बस."

दुसऱ्या धुनेला टरफलं बाहेर गेली आणि लुगडी गाठोड्यात. पुढच्या धुनेला देवाची देवळी. कोनाड्यातली जुनी काजळी तिनं ओल्या फडक्यानं घासली. हात चालतोय म्हणून मी लबाडी केली, धुनेचं शेवटचं चरण पुन्हा घेतलं.

"अक्का! बेइमानी न्हाय करायची. धून एवढी लांब नव्हती." आणि फडकं टाकून बसली. हसली. बब्रुवान गेल्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

ऊन कलायला लागलं तेव्हा माझा गळा बसला होता. पुढची खोली मात्र पुसून झाली होती. शेवटी तिनं ती निळ्या काठाची गोधडी आपण होऊन उचलली. मी गायचं थांबवलं. तिनं ती अंगणातल्या तारेवर पसरली, एकदा झटकली. पाण्याच्या बादलीकडं गेली नाही.

"ऊन दाखविलं," ती म्हणाली. "पानी पुढच्या साली. न्हायतर त्याच्या पुढच्या."

तेवढ्यात कस्तुराबाई टोपली घेऊन आल्या, टोपलीत देवांसाठी लाल फडकं. दारातच थबकल्या.

"यव्वा! हरणे, हे कुणी केलं?"

"म्या. अक्कांनी नुसता आवाज काढला."

कस्तुराबाईंनी पुढं होऊन आतल्या खोलीत डोकावलं. "आतलं तसंच पडलंय की गं! दसरा आसा आसतो व्हय? देवीला काय वाटंल?"

"देवी हितं म्होरं बसणार हाय, जाऊबाई. आतल्या खोलीत तिचं काय काम?"

"म्हंजी देव न्यायचे न्हायत?"

हरणाबाई देवळीपुढं जाऊन उभी राहिली. मग बोलली, "न्हाय. हितंच ऱ्हाऊ द्या. घट मीच बसविते."

कस्तुराबाई थोड्या हिरमुसल्या, पण बाई मनाची मोठी. "बरं हाय बाई. मग माती तरी माझ्या शेतातली घे, तुझ्यात खडंच लई." आणि निघाल्या.

"जाऊबाई, थांबा!" हरणाबाईनं त्यांच्या टोपलीतलं लाल फडकं काढून घेतलं आणि गंजके डबे, तुटका झारा, फुटकी चाळणी असं सगळं तीत भरलं. "तेवढं उकिरड्यावर टाका. रिकाम्या हातानं जायचं न्हाय."

"आगं, मी तुझी थोरली जाऊ हाय का कामवाली?"

"आमच्याकडं राजेसुद्धा चौरंग उचलायचे," मी बसलेल्या गळ्यानं म्हटलं. कस्तुराबाईंना काही कळलं नाही, पण टोपली नेली त्यांनी.

घटस्थापनेच्या सकाळी मी उमरग्यात माझ्या ओट्यावर बसले होते. माझ्या घरात आदल्या दिवसाची भांडी तशीच होती, हे सांगायला हरकत नाही. फोन वाजला.

"अक्का, घट बसला. दिवा लावला. मल्हार निघालाय म्हणं."

"आणि आतली खोली?"

"हाय तशीच हाय की. म्हणूनशान तर फोन केला. म्हणा की जरा."

मी फोन खांद्याशी धरला आणि म्हणायला लागले. पलीकडून केरसुणीचा आवाज येत होता. मीही उठले. एका हातानं कालचं पातेलं मोरीत नेलं, येताना फडकं आणलं. दम्यानं मध्ये दोनदा धाप लागली, पण तिनं तक्रार केली नाही. या वेळी शेवटचं चरण मी एकदाच घेतलं.

"बसले," पलीकडून आवाज आला.

"मी पण," मी म्हणाले.