देव्हाऱ्यातलं कवितेचं पुस्तक

दहावीच्या मुलांना कवितेची पुस्तकं वाटायचं मी काढलं, तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, त्यापेक्षा गाईडं वाटा. पालक निदान दुवा तरी देतील." मी कुणाचं ऐकायची नाही. पुण्यातल्या मैत्रिणींच्या कपाटांतून पुस्तकं गोळा केली, पिशव्या भरून एसटीनं आळेफाट्याला आणली. आमच्या हायस्कूलमध्ये येणारी बरीच मुलं रोजानं टोमॅटो तोडायला जाणाऱ्यांची. त्यांच्या घरी शाळेच्या पुस्तकांशिवाय छापलेलं काही असलं तर ते भिंतीवरचं कॅलेंडर. म्हणून माझी एकच अट होती. पुस्तक परत आणायचं नाही, घरी ठेवायचं आणि वाचायचं.

दिवाळीनंतर वर्गातली एक मुलगी शाळेत येईना, म्हणून येडगावच्या बाजूला तिच्या घरी गेले. ती तापानं पडली होती. आई चुलीपाशी होती. सहज देव्हाऱ्याकडे नजर गेली, तर खंडोबाच्या टाकाशेजारी माझं पुस्तक! वर हळदकुंकू, जास्वंदीचं फूल. माझं डोकंच फिरलं.

"अहो, वाचायला दिलंय ते, पुजायला नाही!"

आई हसली. "इद्या हाये ती, बाई. खाली कुठं ठिवू? खाली उंदरं हायेत."

मुलगी अंथरुणातून काहीतरी सांगू बघत होती. पण मी तिला लवकर शाळेत ये म्हणून बजावलं आणि गाडीला किक मारली. तेहतीस कोटींत आणखी एकाची भर, असं वाटेभर पुटपुटत आले.

माघात ती आई गेली. दुखणं अंगावर काढलं, दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला. भेटायला गेले, तेव्हा मुलगी मला दाराबाहेर घेऊन आली.

"बाई, दहाव्याला मला आईची कविता वाचायचीये. पर पुस्तक देव्हाऱ्यात हाये. सुतकात काका कुणालाच देव्हाऱ्याला हात लावू देत न्हाईत."

मग तिनं सगळं सांगितलं. रोज दिवा लावला की आई हात धुऊन पुस्तक खाली काढायची. भाकरी थापत ऐकायची. मुलीनं एक कविता वाचायची, की पुस्तक पुन्हा देवापाशी. त्यात गवताचा भारा घेऊन घरी येणाऱ्या बाईची एक कविता होती. "ही माझीच हाये," असं आई म्हणायची. अक्षरओळख नव्हती, पण ऐकून ऐकून तिला शेवटच्या दोन ओळी पाठ झाल्या होत्या. तिथं आलं की मुलगी थांबायची आणि त्या ओळी आई म्हणायची.

मला तिथंच रडू आलं. दुसरी प्रत मिळते का म्हणून पुण्यात सगळ्यांना फोन केले. पुस्तक जुनं, कुठंच मिळालं नाही.

"पाठ आहे ना तुला?" मी विचारलं.

"हाये. पर पुस्तक हातात असतं तर उभं राहायला धीर आला असता."

आमच्याकडे दहाव्याला नदीच्या घाटावर माईक असतो. आधी प्रवचन, मग पुढाऱ्यांची श्रद्धांजली. निवडणूक जवळ आली की गरिबाच्या दहाव्यालाही गाड्या लागतात. तशा त्या लागल्या होत्या. एकेक जण उठत होता, बाईला कधी पाहिलेलंही नसताना तिचे गुण सांगत होता. मी मुलीच्या चुलत्याला म्हटलं, पोरीला दोन मिनिटं द्या.

"पोरींनी बोलायची पद्धत न्हाई आपल्यात, बाई."

"आणि ह्यांनी बोलायचं कुठल्या पोथीत लिहिलंय?"

चुलत्यानं भावाकडे पाहिलं. शेजारी मुंडण करून बसलेला तिचा बाप खालमानेनं म्हणाला, "बोलू द्या तिला."

ती उठली. हात रिकामे होते, ते कुठं ठेवावेत तिला कळेना. मग तिनं माईक दोन्ही हातांनी धरला आणि कविता सुरू केली. एक शब्द चुकला नाही. मागं बसलेल्या, तिच्या आईबरोबर कामाला जाणाऱ्या बायांनी डोळ्यांना पदर लावले. शेवटच्या दोन ओळी राहिल्या आणि ती थांबली.

लोकांना वाटलं, पोर विसरली. "असू दे बाळा," कुणीतरी म्हणालं. चुलता माईक घ्यायला पुढं झाला. मी त्याचा हात धरला.

दोन ओळी म्हणायला लागतो तेवढा वेळ ती पाण्याकडे बघत उभी राहिली. मग तिनं माईक चुलत्याकडे दिला आणि बापाशेजारी जाऊन बसली.