साहेबांची कवळी आणि माझा कॉम्प्युटर

"सावंत, सोमवारपासून तुम्ही गोडाऊनला. आता बिस्किटं कॉम्प्युटर भाजणार," मॅनेजरसाहेबांनी फर्मान काढलं. सावंतांनी माझ्याकडे असं पाहिलं, की त्या नजरेवर एक ट्रे सहज भाजून निघाला असता. कॉम्प्युटर मीच आणला होता ना!

मुलुंडची बिस्किट फॅक्टरी, ऐंशीच्या दशकाची अखेर. मी तिथला इन्स्ट्रुमेंट इंजिनीअर. सावंत ओव्हनचे सगळ्यात जुने ऑपरेटर, मूळचे कुडाळचे. नुसत्या रंगावरून आच कमीजास्त करायचे. सुट्टीच्या दिवशी घाटकोपरला घरी बसून त्यांना मुलुंडचा ट्रे करपल्याचा वास यायचा, हे मी स्वतः पाहिलंय. पाहिलं नसेल तर ऐकलंय.

साधा कॉम्प्युटर हट्टी असतो. त्याच्या लेखी बिस्किट एकतर भाजलेलं, नाहीतर कच्चं. फझी लॉजिक त्याला माणसाचं 'जरासं', 'बऱ्यापैकी' शिकवतं. म्हणजे हे बिस्किट ०.३ खरपूस, ते ०.८. पण आधी कुणालातरी ढीगभर बिस्किटं खाऊन हे शून्य ते एकमधले मार्क सांगावे लागतात.

"सावंतांना बसवू या," मी साहेबांना म्हटलं.

"वेडा आहेस का रे? कंपनीची चव ऑपरेटर ठरवणार? मार्क मी देणार!"

साहेबांनी त्याच आठवड्यात नवी कवळी बसवली होती. कडक बिस्किट चावलं की कवळी वर आणि साहेब खाली. "करपलं! शून्य!" मऊ लागलं की, "वा! एक!"

"साहेबानू, ह्यां कच्चां आसा," सावंत म्हणाले.

"तुम्ही गोडाऊन सांभाळा."

मला सगळं दिसत होतं. पण माझं प्रमोशनचं पत्र साहेबांच्या ड्रॉवरमध्ये होतं. मीही ०.२ इतकाच प्रामाणिक राहिलो.

सोमवारी सावंत गोडाऊनला गेले. कॉम्प्युटर मात्र पक्का इमानदार निघाला. साहेबांना आवडेल तसाच माल त्यानं डोंगरासारखा काढला. गुरुवारी घाटकोपरचा डीलर केबिनमध्ये आला. त्यानं साहेबांच्याच चहात बिस्किट बुडवलं आणि बाहेर काढली ती नुसती बोटं.

"साहेब, हे बिस्किट आहे की अफवा?"

साहेब माझ्यावर उखडले. "तुझं मशीन बोगस आहे!"

"मशीन बरोबर आहे साहेब. त्याला फक्त तुमचे दात बसलेत."

गोडाऊनमधून सावंतांना बोलावणं गेलं. ते आले, खुर्ची मागितली, चहा मागितला.

"मार्क दितंय. पण ओव्हन सोडूचंय नाय, तां लिवन द्या."

साहेबांनी लिहून दिलं. सावंतांनी तीन दिवस बिस्किटं खाल्ली, चौथ्या दिवशी माल खरपूस निघाला. ते त्याच खुर्चीत बसून, ओव्हनवर डोळा ठेवत रिटायर झाले. माझं पत्र ड्रॉवरमधून काही बाहेर आलं नाही.

यंत्राला माणसासारखं वागायला जरूर शिकवावं. आधी त्या माणसाचे दात तपासावेत.